यीशिंगची किटली की जिंगदेझेनचा गायवान?

चीनहून चहाचं एकच भांडं आणायचं, तर कोणतं?

यीशिंग शहरातल्या झीशा मातीच्या किटलीला झिलई नसते. सच्छिद्र अंगात चहाचा वास मुरतो. म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा करायचा, आणि साबण कधीच लावायचा नाही. हातघडणीची किटली चाकावर होत नाही, थापलेल्या मातीचे तुकडे जोडून होते. आत मुठीच्या बाजूला सांधा दिसतो, पण तोही नकली काढतात. स्वस्तातल्या बहुतेक साच्यातल्याच. ‘पुरातन’ म्हणून बाजारात मिळणारी तर सोडूनच द्या.

जिंगदेझेन हे पोर्सिलेनचं शहर; तिथला गायवान म्हणजे पोर्सिलेनची बशी, वाटी आणि झाकण. सुमारे १३०० अंशांना भाजलेला, वास न धरणारा, खिशाला परवडणारा. काठोकाठ भरला की बोटं पोळतात.

रोज पुअर जातीचाच चहा पिणार असाल तर किटली. चहा बदलत राहणार असाल तर गायवान.