थ्रीजीपी ते एफएलव्ही: काही महिने एफएफएमपेग वापरल्यानंतर

संगणकावर ॲनिमेशन आणि व्हिडिओ चालवणारं फ्लॅश बंद पडून इतकी वर्षं झाली, मग आज एफएलव्ही हा फ्लॅशचा व्हिडिओ फॉरमॅट कशाला, असं बहुतेक जण विचारतात. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरला रामराम ठोकला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर स्वतःच मजकूर चालवायला नकार देऊ लागला, हे खरं. पण प्लेअर पोटात घेऊन बनवलेल्या फ्लॅशच्या ईएक्सई फाइली, ज्यांना प्रोजेक्टर म्हणतात, त्या अजून चालतात. सिंधुदुर्गातल्या आमच्या वाचनालयात दशावतार या लोकनाट्याची माहिती देणारा असाच एक प्रोजेक्टर जुन्या संगणकावर आहे. तो एका फोल्डरमधल्या एफएलव्ही फाइली वाचतो. नव्याने सगळं बांधायला पैसे नाहीत, आणि गावातल्या लोकांनी २००५ ते २०१० च्या दरम्यान साध्या फोनवर टिपलेल्या दहीकाल्याच्या, म्हणजे दशावताराच्या प्रयोगांच्या, रात्री मेमरी कार्डांत पडून आहेत. त्या या पडद्यावर आणायचं काम मी गेले काही महिने एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रामवर करतो आहे.

आधी इतर वाटा. हँडब्रेक हे रूपांतराचं दुसरं साधन चांगलं आहे, पण ते एमपीफोर, एमकेव्ही आणि वेबएम एवढंच बनवतं. ऑनलाइन कन्व्हर्टरवर लोकांच्या घरच्या फाइली चढवायला माझं मन धजलं नाही. एफएफएमपेग फुकट आहे, नेट लागत नाही, आणि २००० साली फॅब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही जुने फॉरमॅट टाकून देत नाही. या कामात मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

त्या काळच्या फोनच्या थ्रीजीपी फाइलींत बहुतेक वेळा चित्र एच.२६३ या दाबून साठवण्याच्या पद्धतीचं आणि १७६ बाय १४४ पिक्सेलचं असतं, आवाज एएमआर या पद्धतीचा. फ्लॅशचा जुना सोरेन्सन स्पार्क हाही एच.२६३ चाच भाऊबंद. त्यामुळे चित्र तसंच उचलून नव्या डब्यात ठेवता येईल असं वाटतं, पण दोघांची फ्रेमच्या सुरुवातीची मांडणी वेगळी, म्हणून पुन्हा एन्कोड करावंच, म्हणजे नव्याने दाबून साठवावंच लागतं. एफएलव्हीत एच.२६४ या नव्या पद्धतीचं चित्रही बसतं, मात्र ते फ्लॅश प्लेअर ९ च्या २००७ अखेरच्या आवृत्तीपासून पुढे. आमचा प्रोजेक्टर त्याहून जुना, म्हणून स्पार्कच. सुदैवाने फाइलीच्या नावाला एफएलव्ही लावलं की एफएफएमपेग आपणहून स्पार्क निवडतो.

पहिला अडथळा हमखास आवाजाचा येतो. एएमआर सेकंदाला ८००० नमुने घेतो आणि एफएलव्हीतल्या एमपीथ्रीला ते चालत नाहीत. ४४१००, २२०५० किंवा ११०२५ यांतलं काही निवडा, असं सांगून काम थांबतं. मी २२०५०, मोनो आणि ६४ किलोबिट ठेवतो. याने आवाज सुधारत नाही. एएमआर बोलण्यासाठी बनवलेला. तो जास्तीत जास्त सेकंदाला १२.२ किलोबिट वापरतो आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही ठेवतच नाही. राजपार्टाचे संवाद स्पष्ट येतात, पायपेटीचा सूर ओळखता येतो, पण मृदुंगाची थाप बोथट होते आणि झांजेची किणकिण जवळपास नाहीशी होते. गेलेली झांज कुठलंही रूपांतर परत आणणार नाही. आपल्या हातात एवढंच, की उरलेलं आणखी दाबलं जाऊ नये. म्हणून बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट द्यायचे त्यात, कंजुषी नको.

चित्राचंही तेच. काही सांगितलं नाही तर एफएफएमपेग चित्राला सेकंदाला २०० किलोबिट देतो, आणि संकासुराच्या नाचात पडदाभर चौकोन उठतात. गुणवत्तेचा आकडा ३ दिला की ते थांबतं. हा आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. फाइल मूळच्या कितीतरी पट होते, होऊ द्यावी.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते. एच.२६३ चे पिक्सेल चौरस नसतात, रुंदी आणि उंचीचं प्रमाण १२ ला ११ असतं. म्हणजे १७६ बाय १४४ चं चित्र खरं तर १९२ बाय १४४, सरळ चारास तीन. एफएलव्ही हे प्रमाण जपत नाही, त्यामुळे तसंच रूपांतर केलं की माणसं शिडशिडीत दिसतात. चेहरा ओळखीचा असेल तर लगेच खटकतं. मी चित्र थेट ३२० बाय २४० करतो, लँक्झॉस या चित्र मोठं करण्याच्या पद्धतीने. फ्लॅश लहान चित्र आपणहून ताणतो तेव्हा ते गुळगुळीत करत नाही, म्हणून ताणणं आधीच उरकलेलं बरं. चौकोन पुसणारा फिल्टरही लावून पाहिला. चेहऱ्यावरचा रंग मेणासारखा दिसायला लागला, म्हणून तो बंदच ठेवला आहे.

फोनची फ्रेमगती, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, स्थिर नसते, ती १५ वर बांधली की आवाज आणि ओठ जुळून राहतात. आडव्या पडलेल्या फाइली मात्र एकेक बघून फिरवाव्या लागतात, कारण फोन कसा धरला होता याची नोंद त्या फाइलींत मुळात नसते.

गैरसोयी आहेत. सगळं कमांड लिहून करायचं, आणि संदेश नवख्याला घाबरवणारे. विंडोजवर बॅच फाइलीत, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडच्या यादीत, मराठी नावं असतील तर आधी कोडपेज, म्हणजे अक्षरांची संकेतपद्धत, ६५००१ करावं लागतं, नाहीतर फाइल सापडत नाही. पण एकदा बॅच लिहिली की अख्खं फोल्डर चहा होईपर्यंत उरकतं, साध्या लॅपटॉपवरसुद्धा. उद्या प्रोजेक्टर गेला तरी या फाइली वाया जाणार नाहीत. रफल हा फ्लॅशची नक्कल करणारा नवा प्रोग्राम (एम्युलेटर) स्पार्क वाचतो. घरी फोनवर बघणाऱ्यांसाठी त्याच बॅचमध्ये एमपीफोरची दुसरी प्रत निघते.

काही फाइली उघडतच नाहीत, 'मूव्ह ॲटम' सापडत नाही असा संदेश येतो. रेकॉर्डिंग थांबवल्यावर फोन हा ॲटम, म्हणजे फाइलीची अनुक्रमणिका, लिहितो, आणि त्याआधीच बॅटरी संपली तर ती लिहायची राहून जाते. इथे एफएफएमपेग काही करू शकत नाही, अनट्रंक नावाचं साधन लागतं. ते त्याच फोनवरची एक धडधाकट फाइल नमुना म्हणून मागतं. म्हणून कार्ड देणाऱ्यांना मी सांगतो की नाटकाच्याच नव्हे, अंगणातल्या कोंबड्यांच्या, रिकाम्या रस्त्याच्या, कसल्याही फाइली असतील तर त्याही पुसू नका, सगळं कार्ड द्या.