थ्रेशोल्ड व्होल्टेजमधली तफावत कशात पाहायची: पायथन, एलटीस्पाइस की एनजीस्पाइस?

बांभोरी असो, फैजपूर, शिरपूर की धुळे. खान्देशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला व्हीएलएसआयचा (चिप डिझाइनचा) प्रोजेक्ट घेतला की हा प्रश्न येतोच: ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो ते थ्रेशोल्ड व्होल्टेज प्रत्येकात थोडं वेगळं निघतं, तर ती तफावत कशात पाहायची? कॉलेजच्या लॅबमध्ये महागडं टूल असलं तरी रात्री घरी लॅपटॉपवर काम करायला फुकटातलंच काहीतरी लागतं. माझं मत आधीच सांगतो: सर्किटचं सिम्युलेशन एनजीस्पाइसमध्ये करा आणि आलेख पायथनमध्ये काढा. एलटीस्पाइस कुणी घ्यावं, तेही पुढे येईलच.

पण टूलच्या आधी एक गोष्ट ठरवा. तुम्हाला नेमकी कोणती तफावत पाहायची आहे? रावेरच्या एका बागेतला घड आणि यावलच्या दुसऱ्या बागेतला घड वेगळा भरतो, हा एक फरक. आणि एकाच फणीतली शेजारशेजारची दोन केळी तंतोतंत सारखी नसतात, हा दुसरा. चिपचंही तसंच आहे. वेफर (चिप बनतात ती सिलिकॉनची चकती) ते वेफर, चिप ते चिप असा फरक सगळ्या ट्रान्झिस्टरांना एकत्र सरकवतो. शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांतला फरक मात्र पूर्ण स्वतंत्र असतो. चॅनेलखाली डोपंटचे (मुद्दाम मिसळलेल्या अशुद्धीचे) अणू मोजकेच असतात, आणि त्यातला कुठला कुठे बसेल यावर कुणाचा ताबा नसतो.

पहिल्या फरकासाठी कॉर्नर पुरतात, म्हणजे एनमॉस आणि पीमॉस या दोन जातींचे ट्रान्झिस्टर नेहमीचे (टी), संथ (एस) किंवा जलद (एफ) धरून केलेले रन: टीटी, एसएस, एफएफ, एसएफ, एफएस. पाच रन, पाच मिनिटं. बरेच जण इथेच थांबतात आणि रिपोर्टमध्ये ‘तफावतीचा अभ्यास केला’ असं लिहितात. हे मला पटत नाही. कॉर्नरमध्ये सगळे एनमॉस एकाच बाजूला, एकाच मापाने सरकतात. त्यामुळे डिफरन्शियल पेअरचा (सारख्याच दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडीचा) ऑफसेट, म्हणजे दोघांतल्या फरकाने येणारी चूक, पाचही कॉर्नरला शून्यच दिसतो. दुसऱ्या फरकासाठी मॉन्टे कार्लोला, म्हणजे दर वेळी किमती यादृच्छिक निवडून शेकडो रन करण्याला, पर्याय नाही.

त्यात किती सिग्मा (प्रमाण विचलन, म्हणजे पसाऱ्याचं माप) धरायचा, याचं उत्तर संशोधक पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दिलं: जोडीतल्या फरकाचा सिग्मा हा गेटच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. गुणांक ५ मिलिव्होल्ट-मायक्रॉन धरा, रुंदी १ मायक्रॉन, लांबी ०.१८. फरकाचा सिग्मा येतो सुमारे १२ मिलिव्होल्ट. रुंदी आणि लांबी दोन्ही दुप्पट केली की तो ६ वर येतो. पण हा सिग्मा जोडीतल्या फरकाचा आहे. एकेका ट्रान्झिस्टरला द्यायचा तो याला २ च्या वर्गमुळाने भागून, म्हणजे साधारण ८.३. दोघांनाही १२-१२ दिलेत तर फरक १७ चा होईल आणि ऑफसेट उगाचच फुगलेला दिसेल.

आता टूल. नुसतं पायथन घेतलं तर नमपाय या त्याच्या गणिती लायब्ररीमध्ये लाखभर नमुने क्षणात काढता येतात. सूत्र हातात असेल, जसं लीकेज (ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळणारा प्रवाह) किंवा साधा करंट मिरर (प्रवाहाची नक्कल करणारं सर्किट), तर सुरुवात इथूनच करा. वितरण म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं. पूर्ण सर्किट मात्र त्यात बसत नाही.

एलटीस्पाइस अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचं, फुकट, चित्र काढायला सोपं. सर्किट चित्र काढूनच मांडायचं असेल त्यांनी हे घ्यावं. स्टेपची एक ओळ टाकली की पाचशे रन सुरू. मॉन्टे कार्लोच्या बहुतेक उदाहरणांत दिसणारं त्यातलं ‘एमसी’ फंक्शन मात्र सपाट वितरण देतं: ठरावीक टक्क्यांच्या आत सगळ्या किमती सारख्याच शक्य, आणि त्यापलीकडे काहीच नाही. रेझिस्टरच्या टॉलरन्सला ते चालून जातं. थ्रेशोल्डला ‘गॉस’च (घंटेच्या आकाराचं नॉर्मल वितरण) वापरा, नाहीतर ज्या टोकांसाठी हा खटाटोप केला तीच कापली जातील.

एनजीस्पाइस सुरुवातीला रुक्ष वाटतं. सगळं ओळींत लिहायचं, चित्र नाही. तरीही मी त्याच्याच बाजूने आहे, कारण लूप, मोजमाप आणि फाइल लिहिणं सगळं स्क्रिप्टमध्ये राहतं. प्रत्येक रनचा आकडा लगेच फाइलला जोडत गेलात, तर मध्येच लाइट गेली आणि बॅटरीही संपली तरी सातशे रनचं काम वाया जात नाही. इथला सापळा निराळा आहे. मॉडेलचा व्हीटीओ (थ्रेशोल्डची किंमत) बदललात, तर त्या मॉडेलवरचे सगळे ट्रान्झिस्टर एकत्र बदलतात, म्हणजे पुन्हा कॉर्नरच झाला. बीएसआयएम-४ हे तपशीलवार मॉडेल असेल तर प्रत्येक ट्रान्झिस्टरला वेगळा ‘डेलव्हीटीओ’ (थ्रेशोल्डमधली वाढ-घट) द्या. साधं मॉडेल असेल तर प्रत्येक गेटच्या सिरीजमध्ये छोटा डीसी सोर्स लावून तोच यादृच्छिक ठेवा. ही युक्ती एलटीस्पाइसमध्येही चालते. शिवाय गूगल आणि स्कायवॉटरने २०२० मध्ये खुलं केलेलं १३० नॅनोमीटरचं पीडीके (चिप बनवण्याच्या प्रक्रियेची मॉडेल्स आणि नियमांचा संच) एनजीस्पाइसवर चालतं, आणि त्याच्या ‘टीटी-एमएम’ विभागात ही तफावत आधीच भरलेली आहे. मॉडेल फाइल मोठी असल्याने रन सुरू व्हायला वेळ लागतो, तेवढा सोसावा.

किती रन? १०० रनमध्ये सिग्माचा अंदाज साधारण ७ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, १००० मध्ये २ टक्क्यांच्या आसपास. ३ सिग्मापलीकडे हजारातले तीनसुद्धा जात नाहीत, म्हणून शंभर रनवरून टोकांबद्दल बोलू नये. एसरॅमच्या (चिपवरच्या मेमरीच्या) ६ सिग्मासाठी साधा मॉन्टे कार्लो कामाचाच नाही. तिथे इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग लागतं, म्हणजे टोकांकडचे नमुने मुद्दाम जास्त काढून हिशेबात ते दुरुस्त करणं.

आलेखात हिस्टोग्राम सगळेच काढतात. मी क्यू-क्यू प्लॉट आधी पाहतो, कारण वितरण नॉर्मल असेल तर ठिपके सरळ रेषेत येतात आणि नसेल तर टोकं वाकलेली लगेच दिसतात. लीकेजमध्ये ती वाकतातच. थ्रेशोल्ड नॉर्मल असला तरी लीकेज त्यावर घातांकी अवलंबून असतं. सिग्मा ३० मिलिव्होल्ट आणि सबथ्रेशोल्ड स्लोप दर डेकेडला ९० मिलिव्होल्ट (म्हणजे थ्रेशोल्ड तेवढा बदलला की लीकेज दहा पटींनी बदलतं) धरला, तर उणे ३ ते अधिक ३ सिग्मात लीकेज शंभर पटींनी बदलतं, आणि सरासरी मध्यकापेक्षा सुमारे ३४ टक्के जास्त येते. बॅटरी सरासरीवर रिकामी होते, मध्यकावर नाही. हा आलेख लॉग अक्षावरच काढा.

आणि तापमान. स्पाइस मुकाट्याने २७ अंश धरतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ वर जातो, आणि केळीच्या बागेतला सेन्सर बंद डब्यात असेल तर आत आणखी जास्त. थ्रेशोल्ड दर अंशाला ढोबळ एक मिलिव्होल्टने उतरतो, म्हणजे ५७ अंशांना अख्खं वितरणच वरच्या उदाहरणातल्या एका सिग्माइतकं सरकलेलं असतं. म्हणून २७ आणि ५७ असे दोन आलेख एकाच अक्षावर काढा, आणि दोन्ही वेळा सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) तोच ठेवा, म्हणजे तुलना त्याच हजार नमुन्यांची होईल.