काट्यावर बरोबर, हुकावर फेल: जंबो बॅगेच्या खरेदीतली फसवणूक

"साहेब, विश्वास नसेल तर काट्यावर टाकून बघा." जंबो बॅग (टनभर माल भरायचं, विणलेल्या प्लास्टिकचं मोठं पोतं) विकणारा स्वतःहून असं म्हणाला की खरेदीदार निर्धास्त होतो, आणि नेमका तिथेच फसतो. कारण हल्लीची भेसळ वजन कमी करत नाही. ती वजन जुळवून देते.

मस्जिद बंदरला ऑफिस आणि तळोज्याला भरणीची सोय असलेल्या एका निर्यातदाराचं प्रकरण घ्या. भरायचा माल सोडियम सल्फेट, प्रत्येक बॅगेत 1000 किलो, बॅग 90 × 90 × 120 सेंटिमीटरची, उचलायच्या चार लूपची, लॅमिनेशन (कापडावरचा प्लास्टिकचा थर) नसलेली, आत एलडीपीई या मऊ प्लास्टिकचा लायनर, म्हणजे अस्तराची पिशवी. ऑर्डर 2000 बॅगांची, निम्मे पैसे आगाऊ. नमुन्याची बॅग उत्तम होती. कापड 180 जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), लायनर सोडून बॅगेचं वजन दीड किलो. बॅगा आल्या तेव्हा कंटेनर न्हावा शेवाला आत घ्यायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. गोदामात रात्री आठ वाजता प्रत्येकी 50 बॅगांच्या 40 गाठी उतरल्या, वरच्या गाठीतल्या दोन बॅगा काट्यावर टाकल्या, दीड किलो भरल्या, आणि सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी अकरावी बॅग फोर्कलिफ्टने उचलून वळवताना एक लूप कापडासकट निघाला. शिवण जिथल्या तिथे होती, दोरा तुटला नव्हता. शिवणीलगतचं कापडच फाटलं होतं, आणि फाटलेल्या टेपांच्या (कापड विणायच्या चपट्या प्लास्टिक पट्ट्यांच्या) टोकांवर पांढरी भुकटी होती.

ही भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सोप्या भाषेत खडू. टेप काढताना पॉलीप्रॉपिलीनच्या, म्हणजे बॅगेच्या मूळ प्लास्टिकच्या, दाण्यात फिलर मास्टरबॅच (खडू भरलेले दाणे) मिसळतात. थोडा फिलर बहुतेक सगळे घालतात आणि त्यात गैर काही नाही. टेप उभा चिरू नये म्हणून तो लागतोच. पण खडू दाण्यापेक्षा बराच स्वस्त आणि तिप्पट जड. पॉलीप्रॉपिलीनची घनता 0.90 ते 0.91, खडूची 2.7. त्यामुळे फिलर वाढवला की दाणा कमी लागतो, जीएसएम मात्र कागदावर लिहिल्याइतकंच भरतं. भार पेलतं ते पॉलीप्रॉपिलीन. खडू नुसता बसून राहतो. तागाच्या पोत्यात पाणी मारून वजन वाढवायची जुनी खोड होती, इथे तेच काम खडू करतो. फरक इतकाच की पाणी वाळून उघडं पडतं, खडू पडत नाही.

तपासायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. कापडाच्या कडेचे दोन-तीन टेप उसवून काढा. ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून राहणार नाहीत. टेपाचे बोटभर तुकडे पाण्याखाली दाबून, चोळून सोडा. शुद्ध माल लगेच वर येतो. फिलर साधारण 14 टक्क्यांच्या वर गेला की तुकडा बुडतो, कारण तिथे घनता पाण्याइतकी होते. लायनरचा तुकडाही असाच टाका. एलडीपीई मुळात थोडं जड असल्याने तिथे 12 टक्क्यांच्या आसपासच तळ गाठला जातो. तुकडा तरंगला म्हणून माल निर्मळ ठरत नाही, 10 टक्के फिलरही तरंगतोच. बुडला तर मात्र दुसऱ्या पुराव्याची वाट बघू नका, भरणी थांबवा.

दुसरी चाचणी ताकदीची. आधी डेनियर काढा: 9000 मीटर टेपाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 90 सेंटिमीटरचे दहा टेप कापा, ते झाले 9 मीटर. सोनाराच्या काट्यावर वजन करून 1000 ने गुणा. वजन 1.7 ग्रॅम आलं तर टेप 1700 डेनियरचा. मग इंचात उभे आणि आडवे टेप मोजा. दोन्हींची बेरीज गुणिले डेनियर, भागिले 228.6, की जीएसएम मिळतं. 12 × 12 ची वीण आणि 1700 डेनियर म्हणजे 178, तेव्हा 180 चा दावा खरा. थेट मोजायचं तर 10 × 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याचं वजन 100 ने गुणायचं. इथवर भेसळीचा मालही पास होतो, हे विसरू नका. आता तोच एक टेप लगेज तोलायच्या हुकाच्या काट्याला लावून ओढा. गाठ मारू नका, गाठीवर टेप आधीच तुटतो. टोक गुळगुळीत पेनाला पाच-सहा वेढे देऊन धरा. चांगला टेप डेनियरमागे निदान 5 ग्रॅम तरी पेलतो, म्हणजे 1700 डेनियरचा टेप साडेआठ किलोच्या आसपास तुटायला हवा. वरच्या प्रकरणात दहा टेपांची सरासरी साडेपाच निघाली. उभे आणि आडवे टेप वेगवेगळे ओढा. पुष्कळदा उभ्यात बरा दाणा आणि आडव्यात रिप्रोसेस (पुन्हा वितळवलेला) माल असतो, कारण नमुना बघणारा हाताने कापड ओढतो ते सहसा उभ्या बाजूनेच.

पक्का आकडा राखेतून मिळतो. प्रयोगशाळेत तुकडा 550 ते 600 अंशांवर जाळतात. प्लास्टिक उडून जातं आणि खडू उरतो. तापमान पत्रावर लिहून मागा. भट्टी 800 च्या वर गेली तर खडूतला कार्बन डायऑक्साइड निघून त्याचं वजन 44 टक्क्यांनी घटतं आणि भेसळ जवळजवळ निम्म्याने कमी दिसते. पांढऱ्या रंगासाठी घातलेला टायटॅनियम डायऑक्साइडही राखेत उरतो, म्हणून अटीत "राख 5 टक्क्यांच्या आत" असं लिहिणं रास्त. या बॅगांची राख 19 टक्के होती.

आता विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर: "बॅगेने एक टन उचलला ना? मग पास." मुळीच नाही. लेबलवर 5:1 लिहिलेलं असतं त्याचा अर्थ 1000 किलोच्या बॅगेने चाचणीत 5000 किलोपर्यंत टिकायचं. एकदाच वापरायच्या बॅगेसाठी आयएसओ 21898 या मानकात आधी दुप्पट भाराच्या 30 ओढी देतात आणि मग पाचपटीपर्यंत नेतात. पुन्हा पुन्हा वापरायच्या साध्या बॅगेला सहापट लागते. ही पाचपट चैनीसाठी ठेवलेली नाही. फोर्कलिफ्ट ब्रेक मारते, एक लूप बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर आखूड असतो, बॅग तिरकी लटकते, जहाजात हेलकावे बसतात. तेव्हा एकाच कोपऱ्यावर सरासरीपेक्षा कितीतरी जास्त भार येतो. गोदामात सरळ उभी उचललेली नवी कोरी बॅग दुपटीच्या दर्जाची असली तरी एक टन सहज उचलते. आणि लटकत्या बॅगेखाली माथाडी कामगार उभे असतात, हे उचलून दाखवणारा सांगत नाही.

जीएसएमच्या भाषेतही एक गोम आहे. लॅमिनेशनची बॅग असेल तर भाव "180" असा तोंडी ठरतो. खरेदीदाराला वाटतं कापड 180 आणि लॅमिनेशन वेगळं. माल येतो 150 + 30. भांडायला गेलं की "एकूण 180 च बोललो होतो." वर सांगितलेल्या मापाच्या बॅगेला शिवणीसकट साधारण 6.2 चौरस मीटर कापड लागतं. कापडात 20 जीएसएम कापले की बॅगेमागे 124 ग्रॅम वाचतात; 2000 बॅगांवर पाव टन दाणा. ऑर्डरमध्ये "कापड 180 + लॅमिनेशन 25" असं अधिक चिन्हासकट लिहा.

चाचणी अहवालावर फार भिस्त ठेवू नका. तो बहुधा खराच असतो, पण दुसऱ्याच बॅगेचा. त्यातलं माप, जीएसएम, लूपची रुंदी, तारीख आपल्या बॅगेशी ताडा आणि अहवाल क्रमांक सांगून प्रयोगशाळेलाच फोन करा. धोकादायक रसायनांसाठी लागणारी 13एच1 ते 13एच4 या खुणांची बॅग असेल तर अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगसारख्या अधिकृत संस्थेचं प्रमाणपत्र त्याच रचनेच्या बॅगेचं आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लेबल शिवलेला दोरा बाकीच्या शिवणीपेक्षा वेगळा दिसला, लूपजवळ जुन्या सुईची रिकामी भोकं दिसली किंवा कापड उलटं करून शिवल्याने आतल्या बाजूला पुसट छपाई दिसली, तर बॅग वापरलेली आहे. खाद्यपदार्थ भरणाऱ्यांनी ही छपाई नीट वाचावी. तिच्यावर कधी कधी रंगद्रव्याचं नाव सापडतं.

सॉल्व्हंटच्या वाफा असलेल्या जागी, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून वापरायच्या 'सी' प्रकारच्या बॅगेत तर फसवणूक जिवावर बेतते. कापडात काळे वाहक धागे दिसतात, अर्थिंगची पट्टीही असते, पण धागे शिवणीत एकमेकांना जोडलेलेच नसतात. बॅगेवरच्या कुठल्याही वाहक धाग्यापासून अर्थिंगच्या पट्टीपर्यंतचा रोध 10 कोटी ओहमच्या खाली हवा. मेगरने (रोध मोजायच्या यंत्राने) चारही बाजू, तळ, लूप, सगळं मोजा. एका बाजूचं रीडिंग दाखवून विक्रेता निसटतो.

उन्हाचा मामला थोडक्यात: उन्हापासून वाचवणारा यूव्ही मास्टरबॅच महाग, म्हणून आधी तोच गाळतात. डोळ्यांना कळत नाही, तरंगण्याच्या चाचणीतही नाही. 200 तासांच्या यूव्ही चाचणीनंतर निदान निम्मी ताकद शिल्लक राहिली पाहिजे. ही चाचणी घाटकोपरच्या बीट्रा किंवा वरळीच्या सस्मिरासारख्या वस्त्रसंशोधन संस्थेला विचारून घ्या, आणि भरलेल्या बॅगा गच्चीवर किंवा यार्डात उघड्या ठेवणार असाल तर ती टाळू नका.

माल उतरवतानाची पद्धत बदलली तरी बरंचसं नुकसान टळतं. चांगल्या गाठी ट्रकच्या दाराशी आणि चांगल्या बॅगा गाठीच्या वर, हे ठरलेलं. 40 गाठींपैकी पाच निवडा, त्यातल्या तीन ट्रकच्या खोलातल्या असू द्या. गाठ मधून उघडा आणि बॅगा मोजा. 50 च्या गाठीत 48 निघणं नेहमीचं. तीन बॅगांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन सील करा: एक आपली, एक त्यांची, एक प्रयोगशाळेची. ऑर्डर देतानाच मंजूर नमुनाही असाच सील करून ठेवा. कंटेनरच्या वेळेच्या आदल्या रात्री येणारा माल हा अनेकदा योगायोग नसतो. ऑर्डरमध्ये भरणीच्या निदान सात दिवस आधीची तारीख घाला आणि शिल्लक रक्कम चाचणीनंतरच द्यायची असं लिहा. आगाऊ रक्कम ज्या खात्यात मागितली त्या खात्याचं नाव जीएसटी नोंदणीतल्या नावाशी जुळत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. पैसे गेल्यावर विक्रेताच गायब झाला तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवशी नव्हे.

खराब माल हाती आल्यावर बहुतेक लोक एकच गोष्ट करतात: उरलेले पैसे अडवून गप्प बसतात. यात ते स्वतःच अडकतात. विक्रेता सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याखाली तो थकबाकीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि निकालाला आव्हान द्यायचं तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवलेली असेल तर माल स्वीकारल्याचा दिवस ती हरकत दूर होईपर्यंत पुढे सरकतो. व्हॉट्सॲपवर "माल बेकार है भाई" टाकून भागत नाही. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा. चलन क्रमांक, गाठींचे क्रमांक, काय मोजलं, किती आलं, आणि माल नाकारत आहोत हे स्वच्छ शब्दांत लिहा. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नमुन्यावरून विकलेला माल नमुन्यासारखाच असावा लागतो, पण कलम 42 प्रमाणे वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही तर तो स्वीकारला असं धरलं जातं. पत्र गेल्यावर त्या लॉटमधली एकही बॅग वापरू नका. "तातडीपुरत्या 200 वापरल्या" हे एक वाक्य पुढे सगळी केस पोखरतं. ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढू नका, धंद्यासाठी केलेली खरेदी तिथे बसत नाही.

नाकारलेला माल परत गेला नाही आणि शेवटी भंगारात काढायची वेळ आली, तर गोणीवाल्याच्या टेम्पोत चढण्याआधी प्रत्येक बॅगेचे चारही लूप मुळाशी कापा आणि लेबल फाडून घ्या. अख्ख्या बॅगेला भंगारवाला किलोमागे जास्त भाव देतो. तो जास्तीचा भाव कशासाठी, हे लूपजवळची सुईची जुनी भोकं बघितलेल्याला विचारावं लागत नाही.