द्राक्षांच्या गावात एकच दुपार हातात असेल तर वाइनरी की क्राफ्ट ब्रुअरी (छोट्या प्रमाणावर बिअर बनवणारी जागा)?

मी तर वाइनरीच म्हणेन, पण तोडणीचा सीझन असेल तरच. द्राक्षं वर्षातून एकदाच काढतात, उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर (आपल्या नाशिककडे मात्र साधारण जानेवारी ते मार्च) आणि दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा गेलात की क्रशिंग म्हणजे द्राक्षं चिरडणं, टाकीत फसफसणारा रस, वर आलेली सालं पुन्हा पुन्हा खाली दाबणं हे सगळं डोळ्यासमोर चालू असतं (रेड वाइनला रंग त्या सालांमुळेच येतो, हे तिथे बघितलं की एकदम पटतं). बाकीच्या महिन्यांत बॅरल शांत पडून असतात, मग टूर म्हणजे बरंचसं नुसतं ऐकणं.

ब्रुअरीचं तसं नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) साठवता येतात आणि एल टाइपची (लवकर आंबणारी) बिअर दोन-चार आठवड्यांत तयार होते, त्यामुळे वर्षभर काही ना काही शिजतच असतं.

जेवणाला पण बिअर जास्त सांभाळून घेते, तिखट, तळलेलं काहीही चालतं, उलट जास्त टॅनिनवाली (म्हणजे तोंड कोरडं करणारी, तुरट) रेड वाइन तिखटाबरोबर अजूनच झोंबते.

वाइनमध्ये अल्कोहोल साधारण 12 ते 14 टक्के, बिअरमध्ये बहुतेक वेळा 4 ते 7, म्हणून टेस्टिंगला थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं ते बिनधास्त वापरा, कुणी वाईट मानत नाही. आणि गावाकडे टॅक्सी पटकन मिळत नाही, तेव्हा गाडी कोण चालवणार, म्हणजे न पिता, ते प्लीज निघायच्या आधीच ठरवा.