हिवाळ्यात बर्फात जायचं तर कुठे? लाहौल, स्पीती की केदारकांठा

थंडी पडली की पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर हा प्रश्न हमखास येतो. उत्तरं बहुधा फोटो, बजेट आणि सुट्टी बघून ठरतात. इथे तीन पर्याय वेगळ्या मापाने लावून बघू: हिमाचलात मनालीहून अटल टनेलमार्गे लाहौल, तिथेच शिमल्याहून किन्नौरमार्गे स्पीती आणि उत्तराखंडात सांकरीहून केदारकांठा. बर्फाने भरलेल्या उताराखाली तुम्ही किती वेळ असणार आणि हवा बिघडली तर थांबायला हाताशी किती दिवस आहेत, एवढंच माप. काश्मीरमधल्या गुलमर्गचं नाव निघतंच, म्हणून त्याबद्दलही दोन शब्द.

आधी हिमस्खलनाचं कामापुरतं. जीवघेणी ठरतात ती बहुतेक स्लॅब स्खलनं. वाऱ्याने घट्ट झालेला वरचा थर खालच्या भुसभुशीत थरावरून एकदम सुटतो. यासाठी साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार पुरतो, म्हणजे आपल्या सोसायटीच्या जिन्याइतका किंवा थोडा अधिक उभा. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, झडत राहतो. तुम्ही सपाटीवर उभे असलात तरी हिशेबात धरायचा तो डोक्यावरचा उतार. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, भरपूर बर्फ टाकून गेला की पुढचे एक-दोन दिवस सर्वांत नाजूक. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती फारच घटते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. जे काही करायचं ते बरोबरच्या लोकांनीच.

सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाच्या दोन सवयी इथे उलट्या पडतात. पहिली नाळेची, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, उभ्या घळीची. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असो की घाटमाथ्यावर चढणारी एखादी बिननावाची घळ, वर जायची वाट नाळेतून असते हे आपल्या अंगवळणी पडलेलं. सोंडेवर, म्हणजे खाली उतरत आलेल्या डोंगरधारेवर, घसारा (निसटती माती) आणि दृष्टिभय, त्यापेक्षा नाळ बरी. बर्फाच्या डोंगरात नाळ ही स्खलनाची ठरलेली वाट आहे, वर सुटलेलं सगळं तिथूनच खाली येतं. त्यातल्या त्यात भरवसा सोंडेचा, रुंद धारेचा आणि जुन्या दाट झाडीचा. दुसरी सवय पावसाळ्याची. कोसळत असताना राजमाचीला निघणं ही आपली हौस. बर्फ कोसळत असताना, किंवा तो थांबून लख्ख निळं आकाश दिसल्याबरोबर, उत्साहाने निघणं याच्याइतकी चुकीची वेळ नाही. आणि फोटो सगळ्यांना हवे असतात ते नेमके त्याच सकाळचे.

लाहौल

३ ऑक्टोबर २०२० ला अटल टनेल सुरू झाला आणि हिवाळ्यातला लाहौल पुणेकरांच्या आवाक्यात आला. टनेल ९.०२ किलोमीटरचा, त्याची दोन्ही तोंडं समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या थोडी वर. ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड, म्हणजे जुन्या रस्त्याचा सर्वांत बेभरवशाचा भाग, डोक्यावर राहिली. इथवर सगळं उत्तम.

पण अडचण बोगद्यात नाहीच, त्याच्या तोंडाशी आहे. मनालीच्या बाजूचा सोलंग ते धुंडी हा टप्पा स्खलनाच्या पट्ट्यात येतो आणि पलीकडे लाहौलमधल्या सिस्सू गावाकडे उतरल्यावरही दोन्ही बाजूंना मोठे उतार आहेत. शिवाय स्खलनापेक्षा रोजची डोकेदुखी निराळीच: गोठलेल्या रस्त्यावर घसरणाऱ्या गाड्या. डिसेंबर २०२४ मध्ये ऐन ख्रिसमसच्या तोंडावर सोलंग आणि टनेलच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या अडकून पडल्या होत्या. दिल्ली-चंदीगडहून आलेला आणि बर्फावर कधीच गाडी न चालवलेला ड्रायव्हर स्वस्त पडतो, पण सोलंगच्या पुढे त्याचा उपयोग नाही. बर्फ पडल्यावर पोलीस फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) किंवा टायरला चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात, जास्त झाला तर कोणालाच सोडत नाहीत.

लाहौलची जमेची बाजू मला नेमकी इथेच दिसते. निर्णय तुमच्या उत्साहावर सोडलेला नाही, कोणीतरी अधिकाराने रस्ता बंद करतं. आणि अडकलात तर मनालीत अडकता, जिथे हॉटेल आहे, दवाखाना आहे, लहान मुलांना खायला मिळतं. चंदीगडला विमानाने किंवा झेलम एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरून पुढे मनाली गाठली, तर आठ दिवसांच्या सुट्टीत दोन दिवस राखीव सहज निघतात. दिवसा सिस्सूला जाऊन संध्याकाळी परत, एवढ्यावर समाधान मानलं तर उताराखालचा वेळ तासांत मोजता येतो.

मोह पुढचा असतो. सिस्सूपलीकडचं केलाँग झालं, आता दारचा, मग शिंकुला खिंडीच्या दिशेने थोडं. तिकडे जाऊ नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच रस्त्यावर छिका गावाजवळ रस्त्याचं काम करणारे बीआरओचे (सीमाभागात रस्ते बांधणाऱ्या सरकारी संघटनेचे) मजूर हिमस्खलनात सापडून दगावले. हे लोक हौसेने आलेले नव्हते, तिथला रस्ता रोज बघणारे होते.

स्पीती

स्पीतीच्या बाजूने बोलणारे सांगतात की तो पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, बर्फ कमी पडतो आणि किन्नौरमार्गे हळूहळू उंची वाढत जात असल्याने शरीर सरावतं. दोन्ही खरं. विरळ हवेचा विचार केला तर मनालीकडून एकदम वर जाण्यापेक्षा रिकाँगपिओ, नाको, ताबो असं टप्प्याटप्प्याने जाणं कधीही शहाणपणाचं.

पण रस्ता बघा. लाहौलकडून येणारी ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद, म्हणजे स्पीतीतल्या मुख्य गावाला, काझाला जायची आणि यायची वाट एकच. ती सतलज आणि स्पीती नद्यांच्या घळीतून, उतारांच्या पायथ्याने जाते. लाहौलमध्ये जे तासांत मोजायचं ते इथे दिवसांत मोजावं लागतं, आणि जाताना एकदा, येताना पुन्हा एकदा. नाकोजवळचा मलिंग नाला तर बर्फ नसतानाही दगड टाकत असतो. एकच मोठा झंझावात येऊन गेला की मागे-पुढे दोन्हीकडे रस्ता बंद. बुलडोझर येईपर्यंत आहात तिथे राहायचं, तेही नळ गोठलेल्या घरात, उणे वीसच्या आसपासच्या रात्री.

शिमल्याहून काझाला नीट जायचं तर तीन दिवस, यायला तीन. पुण्याहून चंदीगडची ये-जा धरली की नऊ दिवसांच्या पॅकेजात राखीव दिवस उरतच नाही. मग परतीचं विमान चुकू नये म्हणून ड्रायव्हरला 'निघूया हो, होईल काहीतरी' असं म्हटलं जातं. हिवाळी स्पीतीतला खरा धोका मला हा वाटतो. बारा-तेरा दिवस असतील, रद्द करता येणारं तिकीट असेल आणि बरोबर पाठीचा-गुडघ्याचा त्रास असलेले आई-बाबा नसतील, तर जरूर जा. असा हिवाळा दुसरीकडे बघायला मिळणार नाही. नऊ दिवसांत मात्र नको.

केदारकांठा

३,८१० मीटरचं हे शिखर आता इतकं गजबजलंय की नाक मुरडणारे पुष्कळ. गर्दीबद्दलची तक्रार रास्तच आहे. पण आपल्या मापाने बघितलं तर वाटेची ठेवण चांगली आहे: सांकरीहून वर बराचसा भाग देवदार-पाइनच्या जंगलातून, मग कुरणं आणि शेवटी धार. सोंड-धारेची वाट, नाळेची नाही. त्याच सांकरीतून हर की दूनचीही वाट निघते. ती दरीतून जाते, चढ सौम्य, त्यामुळे नवख्यांना सोपी वाटते. भर हिवाळ्यात ती अधिक जपून घ्यायची, कारण दोन्ही बाजूंच्या उतारांवरून उतरणाऱ्या घळी तिला आडव्या येतात.

म्हणून केदारकांठा निर्धोक आहे असं मात्र नाही. ताज्या बर्फानंतर शिखराखालच्या उघड्या, उभ्या उतारावर धोका असतोच, आणि पहाटेच्या अंधारात शंभर माणसं एकामागे एक चढताना 'थांबूया' म्हणणारा वेडा ठरतो. ताज्या बर्फात पावलांची रांग दिसली म्हणजे उतार टिकेल असं काही नाही. लीडर अनुभवी आहे, हेही उत्तर पुरत नाही: ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा २ वर स्खलनात सापडली आणि प्रशिक्षक-प्रशिक्षणार्थी मिळून २७ जण गेले. ट्रेक कंपनीला त्यांचे लीडर किती शिखरं चढलेत ते विचारू नका. कार्यक्रमात राखीव दिवस आहे का, आणि गेल्या हिवाळ्यात किती बॅचेस शिखराखालून परत फिरवल्या, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला 'एकही नाही' असं अभिमानाने सांगितलं तर दुसरी कंपनी बघा.

गुलमर्गचं थोडक्यात. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, वरचा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. दोरी लावलेल्या हद्दीत, गस्त असलेल्या उतारावर राहिलात तर चौघांत सर्वांत कमी विचार करावा लागणारा पर्याय हाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर स्खलनात गेले, ते हद्दीबाहेरच्या हापथखुड भागात. दोरी ओलांडायची नाही, विषय संपला.

आणि 'आम्ही एप्रिलमध्ये जातोय, तोवर धोका संपतो' असं म्हणणाऱ्यांसाठी सिक्कीममधल्या नथू-ला खिंडीचं उदाहरण. ४ एप्रिल २०२३ ला गंगटोक–नथू-ला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ सात पर्यटक स्खलनाखाली गेले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतची होती, असं चेकपोस्टच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. वसंतातलं ऊन बर्फाला जड आणि ओला करतं. त्या दिवसांत दुपार चढायच्या आत उताराखालून बाहेर पडलेलं असावं.

तर घरचे आणि मुलं बरोबर असतील, बर्फ नुसता बघायचा-खेळायचा असेल, तर मनालीत मुक्काम आणि हवा बघून एक दिवस लाहौल. पायांत दम आहे, थंडीत तंबूत झोपायची तयारी आहे, तर राखीव दिवस असलेला केदारकांठा. स्पीती लांब रजा असलेल्यांनी.

निघण्याच्या आठवड्यात शिमला आणि देहरादून हवामान केंद्रांचे अंदाज रोज बघा. डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते, तेही पाहा. असे इशारे बहुधा 'अमुक मीटरच्या वर' असे असतात, तेव्हा आपल्या मुक्कामांची उंची जवळ लिहून ठेवा. लाहौल ठरलं तर आणखी एक: हालडा हा तिथला सण आणि त्याच्या मागेपुढे येणाऱ्या सणांत, जानेवारी-फेब्रुवारीत, सिस्सूकडची गावं पर्यटन काही आठवडे बंद ठेवतात. २६ जानेवारीची जोडून सुट्टी नेमकी त्यात सापडू शकते, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी मनालीच्या हॉटेलवाल्याला फोन करून तारखा विचारून घ्या.