थकवा कोणत्या वेळी येतो, हे विचारणारा दवाखाना

सांगलीच्या विश्रामबाग भागातील ज्या मनोविकार दवाखान्यात मी गेल्या मार्चपासून उपचार घेत आहे, त्याविषयी हा अभिप्राय लिहीत आहे. दवाखान्याचे नाव दिलेले नाही, कारण पेठेतील आणि नात्यातील मंडळी त्यावरून मला सहज ओळखतील आणि त्याला माझ्या मनाची अजून तयारी नाही. तरीही लिहावेसे वाटले, कारण नैराश्याचे औषध घ्यायचे म्हणजे दिवसभर गळून गेल्यासारखे राहणे सोसलेच पाहिजे, असे मी चार महिने धरून चालले होते आणि ते खरे नव्हते.

मी मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबाचे काम करते. सौदे झाले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्याच दिवशी तयार व्हाव्या लागतात आणि त्यात पोत्यांची संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई यांपैकी एक आकडा जरी चुकला तरी कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा हिशेब चुकतो. मागच्या दिवाळीच्या सुमारास मला नैराश्याचा आजार झाल्याचे निदान झाले. त्याआधीचे तीन महिने कसे गेले ते येथे सांगत नाही. ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांना सांगण्याची गरज नाही. ज्या डॉक्टरांकडे मी प्रथम गेले, त्यांनी पाचेक मिनिटांत विचारपूस करून रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली. तिने पाच-सहा आठवड्यांत रडू येणे थांबले, जेवण जाऊ लागले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र सकाळी डोळे उघडत नसत, दूध तापवताना ओट्याला टेकून उभे राहावे लागे आणि दुपारी संगणकासमोर बसले की आकडे एकमेकांत मिसळत. सासूबाई काळजीने म्हणाल्या, ‘‘औषध घेऊन माणूस उभं राहतंय का आडवं हुतंय?’’ मी हे डॉक्टरांना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा उत्तर मिळाले की औषध आहे, थोडी सुस्ती राहणारच, सवय होईल.

सवय झाली नाही. फेब्रुवारीत नव्या हळदीची आवक वाढली आणि एका शेतकऱ्याच्या पट्टीवर मी 31 पोत्यांऐवजी 13 लिहिली. शेठजींनी चूक वेळीच पकडली आणि मला एका शब्दानेही दुखावले नाही, परंतु त्या रात्री मी गोळी घेतली नाही आणि पुढचे चार दिवसही घेतली नाही. ही माझी मोठी चूक होती. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, हातांची थरथर, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी चमक आणि रात्रभर टक्क जाग असा त्रास सुरू झाला. पाचव्या रात्री माझ्या पतींनी 14416 या क्रमांकावर फोन लावला. केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली असून ती चोवीस तास व विनामूल्य आहे. पलीकडच्या समुपदेशक ताई मराठीत, अजिबात घाई न करता बोलल्या. गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव त्यांनी वाचून घेतले, अशी औषधे एकदम बंद करणे धोक्याचे असते हे समजावले आणि दुसऱ्याच दिवशी सर्व कागदांसह मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यास सांगितले. त्या एका फोनने उपचार झाला नाही, होणारही नव्हता; पण योग्य दाराशी जाण्याचे बळ त्यातून मिळाले.

ते दार कोठे आहे, हे मिरजेच्या माझ्या धाकट्या जावेने सांगितले. वास्तविक आमच्या भागात दवाखान्यांची वाण नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेत 1894 साली रुग्णालयाचा पाया घातला तेव्हापासून कर्नाटक आणि कोकणातूनही लोक उपचारांसाठी इकडे येत आले आहेत. हाडांचे, हृदयाचे, डोळ्यांचे डॉक्टर कोण चांगले, हे येथे बसथांब्यावरही कोणी सांगेल. मनाचे डॉक्टर मात्र अजून दबक्या आवाजातच विचारावे लागतात, आणि त्यामुळे चांगल्या-वाईट अनुभवांची देवाणघेवाणही होत नाही.

पहिल्या भेटीत मला जवळजवळ पाऊण तास मिळाला. डॉक्टर बाई आहेत, वयाने माझ्याएवढ्याच असाव्यात. मी नेहमीप्रमाणे ‘‘फार थकवा असतो’’ एवढेच म्हणाले, त्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, झोप येते, की अंगात त्राण नसते, की करण्याची उमेद नसते? तिन्ही असले तरी वेगवेगळे सांगा, आणि कोणत्या वेळी काय होते तेही सांगा.’’ मला विचार करावा लागला. सकाळी अकरापर्यंत अक्षरशः झोप येत असे. जिना चढताना धाप लागे आणि पाय भरून येत, पण हा त्रास दिवाळीच्याही आधीपासूनचा होता. आणि रविवारी पूर्ण विश्रांती मिळूनही कोणाकडे जावे, काही नवे करावे असे वाटत नसे. मी एकाच शब्दाखाली तीन तक्रारी दडवल्या होत्या आणि प्रत्येकीचे कारण निराळे निघाले.

झोपेचे कारण त्यांनी पाकीट पाहताच सांगितले. मी जिला एक गोळी समजत होते तिच्यात दोन औषधे होती: एस्सिटालोप्रॅम 10 मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम. पहिले नैराश्यावरचे. दुसरे चिंता आणि अस्वस्थता शमवणारे, झोप आणणारे. सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांत, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंत त्याचा आधार होतो, पण ते रेंगाळत ठेवले तर त्याची सवय लागते. क्लोनाझेपामचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास साधारण 30 ते 40 तास लागतात, म्हणजे रात्री घेतलेल्या गोळीचा मोठा अंश दुसऱ्या दिवशी सौद्याच्या वेळीही माझ्या अंगात होता आणि त्यात रात्री नवी भर पडत होती. हे कागदावर रेघ काढून समजावण्यास त्यांना दोन मिनिटे लागली. अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. ज्यांना नैराश्याच्या औषधाने दिवसा झोप येते, त्यांनी आपल्या पाकिटावर किती नावे आहेत हे वाचून डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे, असे मी कळकळीने सांगते. गोळी स्वतःहून सोडू मात्र नये.

त्यांनी दोन्ही औषधे वेगळी केली. एस्सिटालोप्रॅम सकाळच्या न्याहारीनंतर घ्यायचे ठरले आणि क्लोनाझेपाम आठ आठवड्यांत पायरीपायरीने कमी करून मेच्या मध्यास बंद झाले. मधल्या दोन-तीन रात्री वाईट गेल्या. त्या जातील, हे आधीच सांगितले असल्यामुळे मी घाबरले नाही.

त्राण नसण्याचा शोध रक्ताच्या तपासणीत लागला. थायरॉइड ठीक होते, परंतु स्त्रियांमध्ये 12 पेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय मानला जातो आणि माझे 9.4 भरले, ब 12 जीवनसत्त्वही कमी होते. आमच्या घरी मांसाहार नाही, तेव्हा ब 12 चे आश्चर्य वाटले नाही. लोहाची गोळी चालू झाली, आणि तिच्यामागोमाग चहा घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही म्हणून सकाळचा चहा तासभर पुढे ढकलावा लागला. ही तपासणी मनाच्या आजारात कशाला, असे मला त्या वेळी वाटले होते. जूनमध्ये मी मारुती चौकातून घरापर्यंत भाजीची पिशवी घेऊन न थांबता चालत आले, तेव्हा ते वाटणे गेले.

उरली उमेद. दवाखान्यात दर भेटीला पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत भरून घेतात. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. गुण जितके अधिक तितका आजार तीव्र. मार्चमध्ये माझे 17 होते, जूनअखेर 10 झाले. एकूण आकडा उतरला म्हणून डॉक्टरांनी तेथेच समाधान मानले असते तर माझीही तक्रार नव्हती. त्यांनी मात्र चौथ्या ओळीवर बोट ठेवले. तो प्रश्न थकव्याचा असतो, आणि झोप व धाप गेल्यावरही मी तेथे 2 लिहिले होते. थकवा हे औषधाच्या दुष्परिणामाचे लक्षण असू शकते तसेच ते मूळ आजाराचेही लक्षण आहे, आणि बाकीचा आजार ओसरल्यावरही ते मागे रेंगाळते, असे त्यांनी सांगितले. मी थोडी खचले. तेव्हा त्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाची माहिती दिली, ज्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले: त्यात पहिल्याच औषधाने पूर्ण बरे वाटलेले रुग्ण सुमारे एक तृतीयांशच होते, बाकीच्यांना पुढची पायरी लागली. औषध बदलावे लागणे हे रुग्णाचे अपयश नव्हे, हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले.

जुलैत एस्सिटालोप्रॅम हळूहळू कमी करून बुप्रोपिऑन सुरू झाले, 150 मिलिग्रॅमची दीर्घकाळ विरघळणारी गोळी, सकाळी एकदा. हे औषध नॉरएपिनेफ्रिन आणि डोपामिन या मेंदूतील रसायनांच्या मार्गाने काम करते व त्याने सहसा सुस्ती येत नाही. ते सर्वांना चालत नाही, आणि या बाबतीत दवाखान्याने घेतलेली काळजी मला विशेष नोंदवावीशी वाटते. मला कधी फिट आली होती का, डोक्याला मोठी इजा झाली होती का, खाण्यासंबंधी काही विकार होता का, हे त्यांनी मला आणि पतींना वेगवेगळे विचारले, रक्तदाब मोजला, आणि क्लोनाझेपाम पूर्ण सुटून काही आठवडे उलटेपर्यंत ते सुरू केले नाही, कारण तसे औषध एकदम सुटलेले असताना बुप्रोपिऑन दिल्यास फिट येण्याचा धोका वाढतो. मला पहिले दोन आठवडे तोंडाला कोरड पडली आणि पहाटे चारला जाग येत राहिली. नंतर दोन्ही कमी झाले. उलट ज्यांची झोप आणि भूक पार उडालेली असते अशांना मिर्टाझापिनसारखे झोप आणणारे औषध रात्री देणे हिताचे ठरते, असेही त्या म्हणाल्या. म्हणून माझी चिठ्ठी पाहून कोणी तेच औषध मागू नये.

गोळीइतकेच समुपदेशकांचे काम मला उपयोगी पडले. त्यांनी एक साधी वही घालायला लावली: दिवसातून एक काम ठरवायचे, उमेद असो वा नसो, ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे ते करायचे, आणि आधी व नंतर कसे वाटले त्याला दहापैकी गुण द्यायचे. मी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाणे निवडले. वहीत पहिल्या आठवड्यात ‘आधी 2, नंतर 2’ असेच लिहिलेले आहे. ऑगस्टच्या एका पानावर ‘आधी 3, नंतर 6’ आहे, आणि त्या दिवशी नदीला पाणी पाहायला गर्दी होती, मी ओळखीच्या एका बाईंशी आपणहून बोलले, असे समोर लिहिले आहे. उमेद आली की काम करू, असे मी वर्षभर म्हणत होते. प्रत्यक्षात क्रम उलटा निघाला.

आता उणिवा. दिलेली वेळ क्वचितच पाळली जाते. शनिवारी मी दोन-दोन तास बसले आहे, आणि प्रतीक्षेची जागा इतकी अरुंद आहे की स्वागतकक्षात विचारलेले सर्वांना ऐकू जाते. हे मनोविकार दवाखान्यात तरी होऊ नये, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, त्यामुळे ज्यांच्या अंगात त्राणच नाही त्यांची परीक्षा दारातच होते. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस असतात. पहिल्या भेटीचे 800 आणि पुढच्या प्रत्येक भेटीचे 500 रुपये लागतात, समुपदेशनाचे निराळे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावयाचे आहे, परंतु माझ्या विम्यात दाखल न होता घेतलेल्या कोणत्याच उपचारांचा खर्च मिळत नाही, त्यामुळे हा सगळा भार खिशातूनच आहे. एस्सिटालोप्रॅम मला जनऔषधी केंद्रात बरेच स्वस्त मिळाले. बुप्रोपिऑन गावभागातील दुकानांत सहज मिळत नाही, मागवावे लागते. एका दुकानात तर गिऱ्हाइकांसमोर ‘‘ही डोक्याची गोळी ना?’’ असे मोठ्याने विचारले गेले. त्या दुकानात मी पुन्हा गेले नाही.

दवाखान्याला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण प्रतीक्षेच्या जागेसाठी राखला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जुनी पाकिटे फेकून न देता सोबत न्यावीत, जुने रक्ताचे अहवाल न्यावेत, आणि आठवडाभर आधी कोणत्या वेळी झोप, कोणत्या वेळी अशक्तपणा, कोणत्या वेळी कंटाळा, हे घड्याळ लावून लिहून ठेवावे. मंगळवारी सकाळी गर्दी कमी असते.

परवाच्या भेटीत माझे एकूण गुण 5 आले, चौथ्या ओळीत 1. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागेल, आणि त्या ओळीत 0 दिसल्याशिवाय ते सहा महिने मोजायला सुरुवात करणार नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. पुढची भेट जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. नव्या हळदीची आवक वाढण्यापूर्वीची तारीख मी मुद्दाम मागून घेतली.