४६, ४१ की ३६ सेंटिमीटर? जपानी युद्धनौका निवडताना

दुसऱ्या महायुद्धाच्या सागरी युद्धखेळात जपानी बाजू वाट्याला आली की हात आपसूक यामातोकडे जातो. आकडे तसेच आहेत (सेंमी म्हणजे तोफेच्या नळीचा व्यास, नॉट म्हणजे ताशी सागरी मैल; नागातो आणि कोंगोचे आकडे आधुनिकीकरणानंतरचे):

यामातो: ४६ सेंमी, ९ तोफा, चिलखतभेदी गोळा १,४६० किलो, पल्ला सुमारे ४२ किमी, वेग २७ नॉट
नागातो: ४१ सेंमी, ८ तोफा, १,०२० किलो, सुमारे ३८ किमी, २५ नॉट
कोंगो: ३६ सेंमी, ८ तोफा, ६७३ किलो, सुमारे ३५ किमी, ३० नॉट

आता यामातोची दुसरी बाजू. प्रत्येक फैरीनंतर नळी ३ अंशांवर खाली आणायची, गोळा आणि बारुदाच्या सहा पिशव्या (एकूण ३३० किलो) आत सारायच्या, मग नळी पुन्हा वर. त्यामुळे लांब पल्ल्यावर मिनिटाला जेमतेम दीड गोळा. कमाल पल्ल्यावर गोळा दीड मिनिटाहून जास्त हवेत असतो. तेवढ्यात ३० नॉटने पळणारं जहाज दीड किलोमीटर सरकलेलं असतं. म्हणजे ४२ किमी हा आकडा कागदावरचाच. दर तोफेमागे १०० गोळे आणि नळीचं आयुष्य २०० ते २५० फैरी, म्हणजे कोठार दोनदा रिकामं केलं की नळी बदलायला आलीच.

खरी गोम फ्यूजमध्ये, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेत आहे, आणि ती तिन्ही तोफांना लागू. ‘टाइप ९१’ चिलखतभेदी गोळा निशाणाच्या अलीकडे पाण्यात पडला, तरी पाण्याखालून सरळ जाऊन जहाजाच्या पोटात शिरावा, अशी त्याची रचना. त्यासाठी स्फोट ०.४ सेकंद लांबवलेला. जाड चिलखतात गोळा अडतो, तिथे हे जमतं. पातळ पत्र्याच्या जहाजातून मात्र तो आरपार निघून जातो: सेकंदाला ५०० मीटर वेग धरला तर ०.४ सेकंदात २०० मीटर. २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्सजवळच्या समारच्या लढाईत अमेरिकेच्या छोट्या विमानवाहू नौका आणि विनाशिकांवर नेमकं हेच घडलं. समोर विनाशिका असतील तर व्यास वाढवून फायदा नाही.

नागातोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९२० मध्ये ती जगातली सर्वांत मोठ्या तोफांची युद्धनौका होती. पण २५ नॉटमुळे वेगवान विमानवाहू ताफ्याबरोबर तिचा निभाव लागत नाही. दिवसाउजेडी, ठरलेल्या रांगेतली लढाई असेल तरच ती घ्या.

उरली कोंगो. मूळ तोफ ब्रिटिश विकर्स कंपनीची, रचना १९१० च्या आसपासची, गोळा यामातोच्या निम्म्याहून हलका. तरी १३-१४ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री कोंगो आणि तिच्याच वर्गातल्या हारुनाने ग्वादलकनाल बेटावरच्या अमेरिकी हेंडरसन धावपट्टीवर ९७३ गोळे टाकले, आणि तिथलं बहुतेक विमान-इंधन जळालं. रात्री झटकन जाऊन पहाटेपूर्वी विमानांच्या टप्प्याबाहेर पडायला ३० नॉट लागतात.

मात्र कोंगो घेतलीत तर आधी कोणता गोळा चढवायचा, हे नीट ठरवा. महिनाभरात तिच्याच वर्गातल्या हिएई आणि किरीशिमा त्याच कामाला निघाल्या, तेव्हा तोफांजवळ धावपट्टीसाठीचे आग लावणारे ‘टाइप ३’ गोळे तयार होते. अंधारात अचानक अमेरिकी क्रूझर समोर आल्या. हे गोळे वरची बांधणी पेटवतात, चिलखत फोडत नाहीत. आणि कोठारातून यारीने (गोळे वर चढवणाऱ्या यंत्राने) वर आलेले गोळे बदलायला मिनिटं जातात. शत्रूची जहाजं भेटण्याची जराही शक्यता असेल, तर निदान एका टरेटमध्ये (तोफांच्या फिरत्या बुरुजात) चिलखतभेदी गोळे ठेवा.